सकाळी उठवत नाही, पायाची बोटं सुजतात, कपडे वाळत नाहीत : थंडीतल्या बारीकसारीक तक्रारी

खिडकीतली | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय फार मोठा नाही, म्हणूनच तो कुणाला सांगावा हे कळत नाही. आईला सांगितलं तर ती रात्रभर जागी राहील. मैत्रिणींना सांगावं तर त्यांचंही थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

नोकरीचं दुसरं वर्ष आहे. आधी खोलीत दोघी होतो. जूनमध्ये तिची बदली झाली आणि तेव्हापासून एकटी राहते. पावसाळा कसा गेला कळलंही नाही, पण थंडी पडल्यापासून एकेक गोष्ट हातातून सुटत चालली आहे.

सगळ्यांत त्रासाची गोष्ट म्हणजे उठवत नाही. गजर साडेसहाचा. तो ऐकू येतो, बंद केलेलाही आठवतो आणि नंतर डोळे उघडतात ते थेट साडेसातला. आळस म्हणावा तर रात्री साडेअकराला झोपते, उगाच जागत बसत नाही. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, तेव्हा सकाळ हळूहळू लवकर उजाडेल अशी आशा होती. जानेवारीचा पहिला आठवडा संपला तरी खिडकीबाहेर उलट जास्तच अंधार वाटतो. हे मलाच वाटतंय का? गेल्या पंधरा दिवसांत साडेनऊच्या मीटिंगला तीनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वेळ बदलायची का तुझ्यासाठी?" ते रागाने बोलले नव्हते. तरी दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

दुसरं, पायाची बोटं. संध्याकाळी लाल-जांभळी होतात, सुजतात आणि इतकी खाजतात की झोप मोडते. घरी आल्या आल्या हीटरसमोर पाय धरते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी त्यांना कुबट वास राहतो. टाचांना भेगा पडल्या आहेत. आंघोळीनंतर डोकं जड होतं, कधी मळमळतं, बहुधा गरम पाणी फार वेळ घेते म्हणून.

आणि शेवटचं, लिहू की नको असं झालंय. संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत शिरते आणि हात दिव्याच्या बटणापर्यंत जातो, तेवढा वेळ मला आवडत नाही. रडू वगैरे येत नाही. फक्त आवडत नाही.

तुम्ही काय करता?

सावरी | सोमवार, रात्री ११:३२

उठण्याच्या बाबतीत अगदी तंतोतंत. गजर मी कधी बंद करते हेसुद्धा मला आठवत नाही. वाचतेय.

पायवाट | मंगळवार, सकाळी ६:०५

अंधार तुम्हाला उगाच वाटत नाही, तो खरोखरच वाढलेला आहे. आकाश बघण्याचा नाद असल्याने हे जरा सविस्तर लिहितो.

२१-२२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो, इथवर शाळेत शिकवतात. पण त्या दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवत नाही. सूर्य डोक्यावर, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर येतो ती त्याची खरी दुपार. एका खऱ्या दुपारपासून दुसरीपर्यंत नेमके २४ तास कधी क्वचितच होतात. डिसेंबरच्या अखेरीस हे अंतर २४ तासांहून सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त असतं. मुख्य कारण पृथ्वीचा आस कललेला असणं. शिवाय जानेवारीच्या ३-४ तारखेच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत वेगाने पुढे सरकते, त्याचाही हातभार लागतो. आपलं घड्याळ २४ तासांचंच राहतं. त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही रोज अर्धा अर्धा मिनिट पुढे ढकलले जातात. अयनदिनाच्या, म्हणजे या सर्वांत लहान दिवसाच्या, आसपास दिवसाची लांबी जवळजवळ स्थिर असते, म्हणून हे ढकलणंच वरचढ ठरतं.

उत्तर गोलार्धात ४० अंश अक्षांशावर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो, तर २० अंशांच्या आसपास जानेवारीच्या मध्यावर. तिथे तो २२ डिसेंबरपेक्षा सात-आठ मिनिटं मागे गेलेला असतो. याची दुसरी बाजू अशी की संध्याकाळ २२ डिसेंबरच्या आधीपासूनच लांबायला लागलेली असते. संध्याकाळचा उजेड वाढला म्हणून आपण गाफील राहतो आणि सकाळ मात्र मागे मागेच जात असते.

तेव्हा आणखी थोडे दिवस काढा. त्यानंतर सूर्योदय अलीकडे यायला लागेल. रोजची वेळ वहीत लिहून ठेवली तर ते डोळ्यांना दिसतं. मी २५ वर्षं लिहितो आहे.

रानजाई | मंगळवार, दुपारी १:४०

मी त्वचारोगांची डॉक्टर आहे. न तपासता निदान करत नाही, पण वर्णन चिलब्लेनशी फार जुळतं. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, दमट गारठा पुरतो. गारठ्यात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मग एकदम ऊब दिली की रक्त वेगाने येतं आणि त्या वाहिन्यांना ते पेलत नाही. आजूबाजूला सूज, खाज, लाली येते. म्हणजे हीटरसमोर पाय धरल्याने बरं वाटतं, पण रात्रीचा त्रास बहुधा त्यातूनच वाढतो आहे.

घरी आल्यावर मोजे बदल. दिवसभराच्या घामाने ते दमट झालेले असतात. कोरडे, सैल, लोकरीचे घाल. पाय पांघरुणात हळूहळू गरम होऊ दे. गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवू नकोस. खाजवू नकोस, त्वचा फुटली तर जखम होते. बूट घट्ट असतील तर तेही कारण असतं. एरवी दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. फोड आले, जखम झाली, तीन आठवड्यांनंतरही राहिलं किंवा बोटं पांढरी पडून बधिर होत असतील, तर मात्र प्रत्यक्ष दाखव.

भेगांचंही सांगते. बाहेर ५ अंश असताना हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी तीच हवा खोलीत २२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. बाष्प तेवढंच असतं, पण गरम हवेला जास्त बाष्प पेलता येतं, मग ती जिथून मिळेल तिथून ओल ओढते. त्यात आपल्या टाचा आणि ओठही आले. आंघोळीचं पाणी कोमट ठेव, वेळ कमी कर आणि अंग टिपल्यावर दोन-तीन मिनिटांत, त्वचा जरा ओलसर असतानाच मलम लाव. टाचांना युरिया असलेलं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली, वरून मोजे. सुगंधी, पातळ लोशनवर खर्च करू नकोस.

आणखी एक, थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते. पाण्याची बाटली समोर ठेव.

ओसरी | मंगळवार, दुपारी ३:१५

पोरी, कपड्यांचं मी सांगते. वाळायला ऊन लागतंच असं नाही, वारा लागतो. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेव. जीन्स उलटी करून कमरेकडून टांग, खिसे बाहेर काढ. पंखा कपड्यांच्या दिशेने लाव आणि दुपारी खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर कपड्यातली ओल खोलीतच राहते. मशिनमध्ये शेवटचं पिळणं दोनदा चालव. उद्या घालायचा कपडा कोरड्या टॉवेलवर पसर, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी कर आणि तिच्यावर गुडघा दाबून बस. टॉवेल किती पाणी ओढतो ते बघ.

कुबट वास असलेले कपडे नुसते परत वाळवून वास जात नाही. कापडाला चालत असेल तर एकदा गरम पाण्यात धू.

अंधाऱ्या खोलीचं वाचून मात्र जीव कळवळला. माझी मुलगीही अशीच लांब राहते. तिने टायमरचा दिवा लावलाय, संध्याकाळी सहाला आपोआप लागतो. आईला सांग गं. आया जागतात, पण न सांगितल्यावर जास्त जागतात.

लुकलुक | मंगळवार, संध्याकाळी ७:००

ओसरीताई, वासाची पुस्ती जोडतो. मोराक्सेला नावाचा जिवाणू ओल्या कापडावर वाढतो आणि तो वास त्याच्यामुळे येतो. थंड पाण्याच्या धुण्यात तो टिकून राहतो, म्हणून तुमचं गरम पाणी बरोबर आहे.

पारंबी | मंगळवार, रात्री ९:२०

बाकी सगळं नंतर. खिडकीतली, आधी एवढं सांगा. आंघोळीचा गीझर विजेचा आहे की गॅसचा? गॅसचा असेल तर बाथरूमच्या आत आहे की बाहेर? आंघोळीच्या वेळी हवा यायला जागा असते का? बाथरूममधून बाहेर आल्यावर डोकं किती वेळात हलकं होतं?

खिडकीतली | मंगळवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे खूप आभार. पायवाटकाका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. सकाळ खरंच मागे जातेय हे कळल्यावर इतकं बरं वाटलं! रानजाई मॅडम, आज पाय हीटरपासून लांब ठेवले.

पारंबी, गॅसचा आहे, बाथरूमच्या आतच. सिलिंडर बाहेर आहे, नळी भिंतीतून आत येते. वर झडपांची खिडकी आहे, पण तिच्यातून गार वारा अंगावर यायचा म्हणून नोव्हेंबरात पुठ्ठा लावून बंद केली. बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत बरं वाटतं. रविवारी निवांत म्हणून जास्त वेळ घेतला, तेव्हा मात्र जरा वेळ बसून राहावं लागलं.

पारंबी | मंगळवार, रात्री १०:११

पुठ्ठा आत्ता काढा. हे वाचलं की उठा आणि काढा. उद्या त्या गीझरवर आंघोळ करू नका.

कारण सांगतो. गॅस जळायला प्राणवायू लागतो. छोट्या बंद खोलीत तो झपाट्याने कमी होतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपण ओळखतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, या वायूला तसा काही नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. सुरुवात अशीच होते, डोकं जड, मळमळ, चक्कर. माणसाला वाटतं, पाण्याची वाफ झाली असेल. पुढची पायरी बेशुद्धी, आणि तुम्ही एकट्या राहता, आतून कडी लावलेली असते.

मी गॅसची उपकरणं बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात १८ वर्षं आहे. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही.

माळरान | मंगळवार, रात्री १०:४०

जरा जास्त होतंय का? आमच्याकडे दहा वर्षं बाथरूममध्येच गॅस गीझर आहे, कुणाला काही झालं नाही. खूप गरम पाण्याने चक्कर तशीही येते.

रानजाई | मंगळवार, रात्री १०:५५

माळरान, गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते, हे खरं. पण ती सहसा बसल्यावर थोड्याच वेळात जाते. हिचं डोकं वीस-पंचवीस मिनिटं जड राहतं, मळमळतं, पुठ्ठा लावल्यानंतरचे हे महिने आहेत आणि जास्त वेळ आत राहिली तेव्हा त्रास वाढला. यातलं नेमकं काय, हे घरी बसून ठरवता येणार नाही. म्हणून आधी धोका दूर करायचा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायूचं हिमोग्लोबिन यातला फरक तो ओळखत नाही, आकडा ९८ दाखवील. खरं कळतं ते रक्ताच्या तपासणीतून, तीही त्रासानंतर लगेच केली तर. पुन्हा असं झालं तर मोकळ्या हवेत ये आणि सरळ दवाखान्यात जा, गॅस गीझरचं तिथे स्वतःहून सांग.

खिडकीतली | मंगळवार, रात्री ११:०२

काढला. खिडकी उघडी आहे. हात थरथरतायत, पण काढला.

ओसरी | मंगळवार, रात्री ११:०६

आईला फोन कर. आत्ता.

पारंबी | बुधवार, सकाळी ८:३०

माळरान, काल घाईत तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं. दहा वर्षं काही झालं नाही, कारण तुमच्याकडे हवा यायला कुठेतरी फट असणार. ज्या दिवशी कुणी थंडीसाठी ती बुजवील त्या दिवशी गणित बदलेल. ज्योत पिवळी-नारिंगी झाली, बर्नरवर काजळी दिसली तर तो धोक्याचा इशारा. मात्र निळी ज्योत म्हणजे सगळं ठीक, असंही धरून चालू नका. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी, हा सरळ उपाय. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, खोलीत हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा.

सावरी | बुधवार, सकाळी ९:१५

हे वाचून आमचा गीझर बघितला. विजेचा आहे. तरीही रात्री नीट झोप लागली नाही.

खिडकीतली | शुक्रवार, रात्री ९:५०

दोन दिवस लिहायला जमलं नाही.

मंगळवारी रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं, उठवत नाही इथपासून पुठ्ठ्यापर्यंत. ती रागावली नाही. बराच वेळ काहीच बोलली नाही, नंतर म्हणाली, "मी येते." बुधवारी दुपारी ती दारात उभी होती.

घरमालकांना मी आधीही एकदा बाथरूममधल्या गारठ्याबद्दल बोलले होते, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. यावेळी पारंबींचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. काल माणूस आला. त्याने गीझर उघडला तर बर्नरवर काजळीचा थर होता. बोटाने पुसून त्याने आम्हा दोघींना दाखवला. आईने तेव्हा माझा दंड धरला, तो माणूस जाईपर्यंत सोडला नाही. आता गीझर बाहेरच्या गॅलरीत गेला आहे. तीन दिवस झाले, डोकं एकदाही जड झालेलं नाही. रक्त तपासलं, पण तोवर तीन दिवस गेले होते, त्यातून काही कळणार नव्हतं असं डॉक्टर म्हणाले.

मी ही गोष्ट यादीत टाचांच्या भेगांच्या शेजारी लिहिली होती. लिहिताना तीच वगळणार होते, कारण सगळ्यांत क्षुल्लक वाटत होती. पारंबी, तुम्ही विचारलं नसतं तर रविवारी मी पुन्हा निवांत आंघोळ केली असती. तुमचं नाव मला माहीत नाही. आई म्हणते, तिच्या वतीने नमस्कार सांग.

पारंबी | शुक्रवार, रात्री १०:२०

आईंना माझाही नमस्कार. त्यांना सांगा, आज मी शांत झोपेन.

लुकलुक | शनिवार, सकाळी १०:००

हे वाचून मोठा श्वास सोडला. आता उठण्याबद्दल, कारण तो प्रश्न अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी मी त्यातून गेलो.

शरीराचं घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लागतं. खोलीतल्या दिव्यांचा उजेड १००-२०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, ऑफिसात ३०० ते ५००. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार मिळतो. आपण अंधारात उठतो, दिवसभर आत बसतो, अंधारात परततो. शरीराला सकाळ झाल्याचं कुणी सांगतच नाही. मी दोन गोष्टी केल्या. पलंगाजवळचा दिवा गजराच्या वीस मिनिटं आधी लागेल असा टायमर लावला. आणि दुपारच्या सुट्टीत न चुकता वीस मिनिटं बाहेर चालायला गेलो. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही, दुसऱ्यात पडला.

हिवाळ्यात दरवर्षी मन खालावत असेल, झोप आणि भूक वाढत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो स्वभावाचा दोष नव्हे. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आहे. त्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार आहे. पण डोळ्यांचा आजार किंवा मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच करावा.

वरिष्ठांशी एकट्याने बोला. सगळ्यांसमोर झालेल्या प्रश्नाचं उत्तर एकांतात देता येतं.

खिडकीतली | सोमवार, रात्री ९:१५

बोलले. आजच. गीझरचं सांगितलं, सकाळच्या अंधाराचं सांगितलं, त्या प्रश्नाने वाईट वाटलं होतं हेही सांगितलं. ते थोडे ओशाळले. "मला खरंच वेळ बदलायची होती, इतरांनाही ती लवकर वाटते," म्हणाले. पुढच्या सोमवारपासून मीटिंग दहाला. मी इतके दिवस त्या वाक्याचा अर्थ वेगळाच लावून बसले होते.

बोटांची सूज उतरली आहे, खाज थोडी आहे. आई रविवारी गेली. जाताना संध्याकाळच्या दिव्याला टायमर लावून गेली, पावणेसातचा. आज कुलूप उघडलं तेव्हा दाराखालून उजेड दिसत होता.

पायवाटकाका, मीही सूर्योदयाची वही सुरू केली. दोनच नोंदी झाल्यात.

माळरान | मंगळवार, रात्री ८:३०

मी वर जे लिहिलं होतं त्याबद्दल. रविवारी गावी आईवडिलांकडे गेलो होतो. बाथरूममध्ये गेलो आणि वर पाहिलं. झडपेला वडिलांनी वर्तमानपत्राच्या घड्या चिकटवल्या होत्या, आईला गार लागतं म्हणून. स्टूल घेऊन सगळ्या काढल्या. वडील खाली उभे राहून विचारत होते, काय करतोयस. या धाग्यातले पारंबींचे प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. गीझर हलवायला माणूस गुरुवारी येतोय.